बुश नवे, गाडी तीच?

जुन्या मिनी गाडीचं मागचं चाक वरच्या बाजूनं आत झुकलेलं दिसलं, की ब्रिटनमधला जाणता मेकॅनिक गाडीखाली न शिरताच निदान सांगतो : रेडियस आर्म गेला. चाकाला धरून ठेवणारा हा आर्म एका पोलादी शाफ्टवर वरखाली होतो. त्याच्या एका टोकाला नीडल बेअरिंग असतं, दुसऱ्या टोकाला ब्राँझचा बुश. वेळच्या वेळी ग्रीस मारलं नाही तर ओल आणि धूळ आत शिरते, शाफ्टला चरे पडतात, बुशाचं गोल भोक लांबट होतं आणि आर्ममध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. मग मागून कुरकुर ऐकू येते, वळणावर गाडी हलल्यासारखी वाटते आणि टायर आतल्या कडेनं झिजू लागतो.

दुरुस्ती समजायला सोपी आहे, करायला नाही. जुना शाफ्ट ठोकून काढायचा, बेअरिंग उपसायचं, नवा बुश दाबून बसवायचा. इथवर कुठलंही बरं गॅरेज पोचतं. पण बसवलेल्या बुशाचं भोक मापापेक्षा किंचित अरुंद असतं. त्यात रीमर फिरवून ते नेमक्या मापाला आणावं लागतं आणि ते करताना रीमरची दांडी आर्मच्या दुसऱ्या टोकाचा आधार घेते. दोन्ही टोकं एका रेषेत आली तरच नवा शाफ्ट सरळ बसतो. नाही आली, तर तो अडकतो किंवा लवकरच पुन्हा झिजतो. म्हणजे नव्या बुशाला आपलं शेवटचं माप दुकानात मिळत नाही. ते ज्या जुन्या आर्ममध्ये तो बसणार, त्या आर्मकडून मिळतं. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरणार आहे.

मिनीचा जन्म टंचाईतला. १९५६ च्या सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि कमी पेट्रोलवर चार माणसांना नेईल अशा छोट्या गाडीची निकड भासली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं ते काम अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे दिलं. २६ ऑगस्ट १९५९ रोजी गाडी लोकांसमोर आली : लांबी जेमतेम १० फूट, चाकं १० इंची, इंजिन आडवं बसवलेलं आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली. एवढ्याशा जागेत नेहमीच्या लोखंडी स्प्रिंगा बसवायच्या कुठे, हा प्रश्न अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी सोडवला. मोल्टन घराण्याचा रबराचा जुना धंदा होता. त्यांनी स्प्रिंगेच्या जागी रबराचा जाडजूड कोन बसवला. रबर जितकं दाबावं तितकं ते अधिक कडक होत जातं. हलक्या गाडीत एकटा चालक बसला काय आणि चौघं सामानासकट बसले काय, वजनात मोठा फरक पडतो. तो फरक हा कोन आपसूक सांभाळतो. मधली काही वर्षं या गाडीला पाण्यासारख्या द्रवावर चालणारं सस्पेन्शन होतं, नंतर कंपनी पुन्हा रबरावर आली. ४ ऑक्टोबर २००० रोजी जुन्या धाटणीची शेवटची मिनी लाँगब्रिजच्या कारखान्यातून बाहेर पडली. तोवर ५३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

रबर मात्र बसतं. वर्षानुवर्षं गाडीचं वजन पेलून कोन चपटा होतो, गाडी खाली येते, खड्ड्याचा दणका थेट पाठीच्या कण्यात जातो. कोनाखालच्या दांडीच्या टोकाशी एक गोळी प्लॅस्टिकच्या वाटीत फिरते. ती वाटीही झिजते. पुढच्या आर्मचे रबरी बुश तडकतात, बॉल जॉइंट ढिले होतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळतात. ब्रिटनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे सस्पेन्शन धरून ठेवणारी मागची सबफ्रेम गंजून जाळी होते. नवे कोन टाकले की गाडी एकदम उंच दिसते आणि काही काळ चालल्यावर थोडी बसून आपल्या उंचीला येते. सस्पेन्शन हे गाडीचं असं अंग आहे की झिजणं हेच त्याचं काम. रस्त्याचा मार ते स्वतः खातं म्हणून वरची बॉडी आणि आत बसलेली माणसं शाबूत राहतात. झिजलेला बुश बिघडलेला म्हणून फेकला जातो खरा, पण तो आपलं काम पुरं करून गेलेला असतो.

आता अशी एक गाडी घ्यावी, जिचे साठ वर्षांत कोन बदलले, आर्म बदलले, बेअरिंगं आणि बॉल जॉइंट कितीदा बदलले याची गणती नाही. सबफ्रेम नवी आली. इंजिन एकदा उतरवून दुसरं टाकलं. शेवटी पत्राही सडला, तेव्हा ऑक्सफर्डशायरमधल्या विटनी गावातून नवंकोरं बॉडीशेल आणलं, कारण ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था ती आजही बनवते. नंबरप्लेट मात्र जुनीच. ही गाडी तीच आहे का?

हा गॅरेजमधल्या गप्पांचा विषय वाटेल. पण याच प्रश्नावर भारतातल्या दर्शनांनी हजार वर्षांहून अधिक काळ एकमेकांशी झुंज घेतली. लहानपणीचा देह आज नाही, त्यावेळचं मन नाही, मतं नाहीत. तरी ‘तो मीच’ असं माणूस म्हणतो. कोणत्या आधारावर? पुण्य करणारा एक आणि फळ भोगणारा दुसरा असेल तर कर्माच्या सिद्धांताचं काय होतं? मोक्ष मिळतो तो कुणाला?

ग्रीकांकडेही हा प्रश्न होता. अथेन्सकरांनी थीसियसचं जहाज जपून ठेवलं आणि कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, असं प्लुटार्क सांगतो. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज यानं सतराव्या शतकात त्यात पेच वाढवला : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचंच जहाज उभारलं, तर खरं कोणतं? मिनीच्या जगात हा पेच काल्पनिक राहत नाही. काढलेले जुने भाग विकले जातात आणि दुसऱ्या गाडीत बसतात.

सरकारला तर उत्तर टाळताच येत नाही, कारण नोंदणीच्या पुस्तकात काहीतरी लिहावं लागतं. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्यानं मोठे फेरफार झालेल्या गाड्यांसाठी कित्येक वर्षं गुणांची पद्धत वापरली. जुना नंबर टिकवायला किमान ८ गुण लागत. चॅसिस किंवा बॉडीशेलला ५, सस्पेन्शनला २, अ‍ॅक्सलना २, ट्रान्समिशनला २, स्टिअरिंगला २ आणि इंजिनाला फक्त १. गुण कमी पडले तर ‘क्यू’ अक्षरानं सुरू होणारा नंबर मिळे. म्हणजे या गाडीची ओळख सांगता येत नाही, असा शिक्काच. लोक इंजिनाला गाडीचं हृदय म्हणतात, पण या तक्त्यात रस्त्याचा मार खाणारं सस्पेन्शन त्याच्या दुप्पट मोलाचं ठरलं. कुणा कारकुनानं नकळत केलेला हा दर्शनशास्त्राचा निवाडाच म्हणायचा.

न्यायालयातही हा प्रश्न गेला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली होती. पुढे शर्यतींसाठी तिचे भाग सतत बदलत गेले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला, चालक ठार झाला आणि गाडी पुन्हा नव्यानं बांधली गेली. कित्येक दशकांनंतर ती १ कोटी पौंडांना विकायची ठरली, तेव्हा विकत घेणारी कंपनी अडून बसली : ही ती गाडीच नव्हे. १९९० साली न्यायमूर्ती ओटन यांच्यासमोर एकेका भागाचा हिशेब झाला. १९२९ सालचं तिच्यात नावालाच काही उरलं होतं. तरी निकाल मालकाच्या बाजूनं लागला. गाडीचं अस्तित्व मध्ये कुठेही तुटलेलं नाही, तिचा इतिहास अखंड आहे, तिची जागा घेणारी दुसरी गाडी कधी उभी राहिली नाही. म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ म्हणायचं ते हिलाच.

हा निकाल बौद्ध भिक्षू नागसेनाला पटला असता.

भारतीय विचारात दोन रथ आहेत. एक कठोपनिषदातला. त्यात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे आणि आत्मा आत बसलेला रथी. रथाचं काहीही होवो, बसणारा वेगळाच आहे. गीतेतली जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याची प्रतिमा मराठी घरांत अंत्यविधीच्या वेळी हमखास ऐकू येते. तिचाही रोख हाच. दुसरा रथ ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, सागल नगरीत भिक्षू नागसेनाला भेटतो. नागसेन म्हणतो, मला नागसेन म्हणतात खरं, पण या नावामागे कुणी पुरुष सापडत नाही. राजा चकित होतो. तेव्हा नागसेन विचारतो : आपण कशातून आलात? रथातून. मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? सांगाडा, जू, लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. या सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ? नाही. यांच्याखेरीज निराळा रथ आहे? तोही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की हे भाग विशिष्ट रीतीनं जुळले की ‘रथ’ हे व्यवहाराचं नाव लागतं. या रथात कुणी बसलेलं नाही. कठोपनिषदाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बसणारा. नागसेन पाहतो जुळणी.

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना यातलं काहीच मान्य नव्हतं. अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अखंड वस्तू, भागांहून खरोखर निराळी असते, असं त्यांचं ठाम म्हणणं. ढीग आणि घडा यांत फरक आहे, हे कुणालाही दिसतं. आणि सुट्या भागांच्या खोक्यात बसून कुणी ऑफिसला जात नाही, म्हणून त्यांची बाजू हलकी लेखता येत नाही. पण त्यांना किंमतही मोठी द्यावी लागली. कापडातला एक धागा काढला की ते आधीचं कापड नष्ट झालं आणि नवं कापड निर्माण झालं, असं त्यांना म्हणावं लागे. या हिशेबानं एक बुश बदलला की ती मिनी संपली आणि दुसरी जन्माला आली. तर्क निर्दोष, पण व्यवहार आडवा येतो. आत्मा मात्र निरवयव, म्हणून त्याला ही अडचण नाही, असं ते मानत. गाडी दरवेळी नवी, मालक तोच.

‘हा तोच’ ही ओळख पटणं, म्हणजे प्रत्यभिज्ञा, हाच पुरावा नाही का, असं टिकून राहणाऱ्या वस्तूवर विश्वास असणारे विचारत. बौद्धांचं उत्तर तयार असे : कापून पुन्हा वाढलेले केस आणि नखंही ‘तीच’ वाटतात, रात्रभर जळणारी ज्योतही एकच वाटते, सारखेपणाला आपण एकपणा समजतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात यावर फार मार्मिक भेद केला. बाहेरच्या वस्तूबद्दल ‘ही तीच की तिच्यासारखी दुसरी?’ असा संशय येऊ शकतो, हे ते मान्य करतात. पण काल पाहणारा आणि आज आठवणारा ‘मी तोच की माझ्यासारखा दुसरा?’ असा संशय कुणालाही स्वतःबद्दल येत नाही. म्हणजे गाडीच्या प्रश्नावर आचार्य आग्रह धरत नाहीत, माणसाच्या प्रश्नावर एक पाऊल मागे घेत नाहीत.

जैनांनी तिसरी वाट काढली. वस्तू उपजते, नासते आणि टिकते. तिन्ही एकाच वेळी, तिन्ही खरं. समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा घडा मोडून मुकुट करण्याचं उदाहरण आहे. घडा हवा असणाऱ्याला दुःख होतं, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद, आणि ज्याला सोनंच हवं होतं तो शांत राहतो. तिघंही चुकीचे नाहीत. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ही तिन्ही माणसं भेटतात. मूळ रबरी कोन गेला म्हणून हळहळणारा एक, गाडी पुन्हा नीट उभी राहिली म्हणून खूश होणारा दुसरा, आणि मिनी रस्त्यावर आहे एवढ्यावर समाधानी असलेला तिसरा.

तरीही या सगळ्या वादात एक गोष्ट निसटते, आणि ती रीमर फिरवणाऱ्या माणसाला ठाऊक असते. वस्त्राच्या प्रतिमेत जुनं आणि नवं कधी भेटत नाहीत. एक उतरतं, दुसरं चढतं. बुशाचं तसं नाही. त्याला जुन्या आर्मशी जुळवून घ्यावं लागतं. पुढे कधी तो आर्मही बदलला, तर नव्या आर्मला जुन्या सबफ्रेमच्या भोकांशी जुळावं लागेल. आणि सबफ्रेम बदलताना बॉडी जागेवर असेल. प्रत्येक नवा भाग आत येतो तेव्हा त्याला माप देणारा कुणीतरी जुना तिथे हजर असतो. ‘तेच’पण कुठल्या एका भागात साठवलेलं नसतं आणि भागांच्या पलीकडे बसलेलंही नसतं. ते एका भागाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जातं. सगळे भाग एका दिवसात उतरवून सगळे नवे चढवले, तर सोपवणारं कुणी उरत नाही. मग तयार होते ती उत्तम पण दुसरी गाडी.

सोपवलं जातं त्यात दोषही येतात, हे विसरता कामा नये. आर्म आधीच वाकलेला असेल तर त्याच्या आधारानं रीम केलेला नवा बुशही वाकडाच बसतो. भाग कोरा, वाकडेपणा जुना. संस्कार आणि वासना यांबद्दल आपल्या परंपरेत जे सांगितलं जातं, ते याहून फार वेगळं नाही. मिलिंद राजानंही हाच मुद्दा उकरला होता : पुढच्या जन्मी कुणी ‘तोच’ नसेल, तर माणूस पापातून सुटलाच की! नागसेनानं त्याला आंबेचोराची गोष्ट सांगितली. चोर म्हणतो, मालकानं लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. मग गुन्हा कसला? राजा म्हणतो, तरी तो शिक्षेला पात्रच, कारण हे आंबे त्यांच्यापासूनच आले. जबाबदारी टिकायला आतला न बदलणारा रथी लागतच नाही. सलग चालत आलेला वारसा पुरतो. जुनी गाडी घेणाऱ्यानं मागच्या मालकाच्या हलगर्जीपणाचं बिल भरताना हे सत्य पुरेपूर अनुभवलेलं असतं.

ओडिशात पुरीला रथी आणि वारसा ही दोन्ही उत्तरं एकाच देवळाच्या आवारात नांदतात. जगन्नाथाचा १६ चाकांचा नंदीघोष रथ दरवर्षी नव्या लाकडाचा बांधतात. अक्षय्य तृतीयेला काम सुरू होतं, आणि यात्रा झाली की रथ सुटा करतात. यंदाचं लाकूड गेल्या वर्षीचं नव्हे, तरी रथ नंदीघोषच. त्यात काही गूढ द्रव्य ठेवत नाहीत. मापं, रीत आणि सुतारांच्या घराण्यांचे हात पुढे चालत राहतात. नागसेनाचा रथ तो हाच. मूर्तींचं मात्र निराळं. अधिक आषाढ आला की ठरावीक वर्षी नवकलेवर होतं. अलीकडे ते १९९६ आणि २०१५ साली झालं. नव्या लाकडी मूर्ती घडतात आणि मध्यरात्री, डोळ्यांवर पट्टी बांधून, सेवक जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात. इथे भाविकाला आत काहीतरी न बदलणारं हवं असतं. पण तिथेही जुनी मूर्ती नव्या मूर्तीशेजारी हजर असावी लागते, आणि एका हातानं काढून दुसरीकडे ठेवावं लागतं. न बदलणारं तत्त्व मानणाऱ्या परंपरेलाही सोपवण्याचा विधी टाळता आलेला नाही. हा योगायोग वाटत नाही.

माणसाच्या देहातही काही भाग सतत बदलतात, काही अजिबात नाही. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात. हाडं हळूहळू झिजून पुन्हा भरत राहतात. दातांचं आवरण आणि डोळ्याच्या भिंगाचा गाभा मात्र जन्मभर तोच राहतो. आणि गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे देहाचं सस्पेन्शन, मोठेपणी जवळपास नव्यानं तयार होतच नाही. म्हणून तर घरोघरी कुणाच्या ना कुणाच्या गुडघ्याच्या वाट्या बदलल्या जातात. धातू आणि प्लॅस्टिकचा सांधा बसवलेली आजी जिना चढून देवघरात जाते, तेव्हा घरातल्या कुणालाही ती दुसरी कुणी वाटत नाही. तिच्या चालीची लकब काही दिवसांत नव्या सांध्यात उतरते. स्नायू जुने, आणि ते नव्या सांध्याला आपली चाल शिकवतात.

शंकराचार्यांचा आक्षेप यानं संपतो का? पूर्ण नाही. ‘मी’ची आतून येणारी खात्री कुठल्याही वर्कशॉपमध्ये मोजता येत नाही, आणि ज्यांनी जन्मभर तिचाच शोध घेतला त्यांचं म्हणणं खोडायला बुशाचं उदाहरण अपुरं आहे. पण एवढं नक्की म्हणता येतं की बदल हा ‘तेच’पणाचा शत्रू नाही. न बदलणारी गाडी संग्रहालयात असते. तिचे बुशही काळानं कडक होतात, फक्त कुणाला ऐकू येत नाही. शाश्वत नाही म्हणजे खोटं, हा निष्कर्ष उतावळेपणाचा आहे. सांभाळून पुढे नेलेलं सातत्य शाश्वताहून हलकं मानायचं काही कारण नाही.

मुंबईला ‘गाडी तीच का?’ हा प्रश्न नवा नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० तयार होऊ लागली, आणि पुढे ती पद्मिनी म्हणून काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात शहरभर धावली. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग, मागच्यांना पाटे. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी तिचे बुश आणि पाटे किती खाल्ले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. चालकांच्या ओळखीच्या गॅरेजांत ते बदलले जात राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यानं ऑक्टोबर २०२३ अखेरीस त्या सगळ्या रस्त्यावरून उतरल्या. ब्रिटनच्या खात्यानं भाग मोजले, मुंबईच्या नियमानं वर्षं मोजली. किती भाग नवे, किती जुने, हे इथे कुणी विचारलं नाही. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी आणि धुरासाठी काहीतरी मर्यादा हवीच, पण गाडीचं वय आणि गाडीची अवस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तपासायची ती अवस्था.

खासगी गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज वाहनांचे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात राखलेली हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा; अशा गाडीला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. झिजलेलं सस्पेन्शन त्याच मापाच्या भागांनी बदलणं या अटींच्या आड येत नाही, आणि तसंच असायला हवं. १९७४ साली पद्मिनी हे नाव घेऊन निघालेल्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी गाठली आहे. त्यातली एखादी कुणाच्या वाड्यात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी एकदा जॅकवर चढवून पाहा. तडकलेले बुश आणि बसलेले पाटे बदलून घ्या, पण सगळं एकाच फटक्यात उतरवू नका. चॅसिस क्रमांकाची पट्टी जपा आणि बदललेल्या प्रत्येक भागाची पावती तारखेसकट गाडीच्या कागदांत ठेवा.